तिसरं पाकीट

नेपरव्हिल, ११ जानेवारी २०२६

यतीन,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आईची सवय मलाही लागली आहे, पण आज पेन तिथेच अडलं. आशीर्वाद संपलेले नाहीत. आधी भांडण होऊ दे, मग बघू.

तू फोन घेत नाहीस. तुझी हिमानी मेसेज वाचते आणि उत्तर देत नाही. म्हणून हा कागद. तो ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण टपालाने आलेलं पत्र न वाचता फाडणं आपल्या घरात कोणाला जमलेलं नाही, तुलाही जमायचं नाही.

इथे काल रात्रीपासून बर्फ आहे. शेजारी सकाळी येऊन आमचा ड्राइव्ह-वे साफ करून गेला. तुझे भाऊजी व्हीलचेअर खिडकीशी लावून त्याला सूचना देत होते, डावीकडे घे, कडेला टाक. काच बंद होती. मी म्हटलं, "मोहन, त्याला ऐकू येत नाहीये." तर म्हणतो, "म्हणून तर देतोय."

येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण ऑक्टोबरमध्ये फोनवर तू त्याला 'तो इन्सिडेंट' म्हणालास. मोहन संध्याकाळच्या ट्रेनमधून उतरला आणि घरी येताना पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरायला थांबला. एकोणीस वर्षांच्या एकाने पलीकडच्या गाडीतल्या कोणावर तरी पिस्तूल झाडलं आणि गोळी मोहनच्या पाठीच्या कण्यात शिरली. ती अजून तिथेच आहे, काढण्यात धोका जास्त आहे म्हणतात. मोहन वाचला, म्हणून बातमी चार ओळींची आली.

तो पोरगा तुरुंगात आहे. त्याच्याबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. ते पिस्तूल एका बाईने इथून पन्नास मैलांवरच्या दुकानातून घेतलं होतं. आठ आठवड्यांत तिने त्या एकाच दुकानातून सात पिस्तुलं घेतली. दर वेळी बरोबर एक माणूस असायचा. काचेखालचं कुठलं हवं ते तो बोटाने दाखवायचा आणि कागदावर सही ती करायची. सातही वेळा काउंटरवरच्या माणसाने हसून पिशवी दिली.

त्या दुकानावर आम्ही दावा लावला आहे. आमची वकील इला हिने ऑक्टोबरमध्ये तिथल्या काउंटरचा फोटो दाखवला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात केशरी कोल्हा होता. रोज सकाळी मी ज्या कपातून चहा प्यायचे त्याच्यावरचाच कोल्हा. तो कप तूच दिला होतास, "ताई, आमच्या कंपनीचा" म्हणून. तो मी त्याच दिवशी फेकून दिला.

मग मी तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, देशभरात हजारो दुकानं आमचं सॉफ्टवेअर वापरतात. माझा काय संबंध?" मी लाल पट्टीबद्दल विचारलं तेव्हा तू म्हणालास, "क्लायंटने काढायच्या विनंतीचं तिकीट टाकलं, मी ते क्लोज केलं. माझं काम तेवढंच." आणि शेवटी, "केस काढून घे यार. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने घरमालकाचं कपाट उघडू नये."

पाहुणे. यतीन, एकोणतीस वर्षं मी इथे कर भरते. आणि माझ्या नवऱ्याच्या कण्यात या देशाचं शिसं आहे, ते घेऊनच तो एक दिवस जाणार. यापेक्षा पक्कं नागरिकत्व कुठल्या ऑफिसात मिळतं ते सांग.

लाल पट्टी तू विसरला असशील तर आठवण करून देते. २०२२ ची दिवाळी. तुम्ही दोघं आमच्याकडे होतात. मला घ्यायला तू फार्मसीत आलास. काउंटरवर एक बाई सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट मागत होती. ज्यांच्यापासून घरी नशेचं औषध बनवता येतं, त्या गोळ्या. मी तिचं लायसन्स स्कॅन केलं आणि माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. महिन्याभरातलं तिचं तिसरं पाकीट होतं. मशीनने मला विकूच दिलं नाही. बाई चिडली. मी म्हटलं, सॉरी, हातात नाही. तू मागे उभा राहून बघत होतास. रात्रीचं जेवण होईस्तोवर तू माझ्या डायनिंग टेबलावर तेच स्वतःच्या लॅपटॉपवर मांडलं होतंस. एकच माणूस महिन्यात तिसरं पिस्तूल घ्यायला आला की पट्टी येणार आणि विक्री थांबणार. मला दाखवून म्हणालास, "ताई, तुझ्या दुकानातून उचललं." पुढे ती पट्टी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आलीही.

आता दुकानदाराने शपथेवर लिहून दिलं आहे की आमच्या मशीनमध्ये असा इशारा देणारी सोय कधी नव्हतीच.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त कळवलं.

लतिकाताई


नेपरव्हिल, १ फेब्रुवारी २०२६

यतीन,

तीन आठवडे झाले. पत्र मिळाल्याची पोच ट्रॅकिंगवर आहे, तेव्हा टपाल खात्याला दोष देऊ नकोस.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला मागायचं आहे. पण आधी मी कशासाठी भांडते आहे ते समजून घे, कारण तुला वाटतं ताई सुडाने पेटली आहे. पेटलेली आहेच, ते नाकारत नाही. पण डोकं ठिकाणावर आहे.

सगळ्या देशाचा एक कायदा आहे, २००५ चा. बंदूक बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने माल विकला आणि पुढे तिसऱ्याच माणसाने तो वापरून गुन्हा केला, तर बनवणाऱ्या-विकणाऱ्यावर दावा लावता येत नाही. आमच्या फार्मसीच्या मालकाला असं कवच नाही. शिडी विकणाऱ्याला नाही, बाळाचा पाळणा विकणाऱ्याला नाही. पण त्या कवचाला फटी आहेत. विक्रीचा एखादा कायदा दुकानदाराने जाणूनबुजून मोडला असेल, तर दावा चालतो. काही राज्यांनी नेमका त्या फटीत पाय घातला. आमच्या इलिनॉयने २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिहून टाकलं की बंदुकीच्या धंद्यातल्या माणसाने वाजवी खबरदारी घेतलीच पाहिजे, माल भलत्याच्या हाती जाणार नाही हे बघितलंच पाहिजे. धंदेवाल्यांनी त्या कायद्यालाच कोर्टात आव्हान दिलं आहे, ते भांडण वेगळं चालू आहे. पण आज तो कायदा आहे, आणि आमची केस त्याच्यावर उभी आहे.

इला म्हणते, सगळं एका शब्दावर आहे. जाणूनबुजून. दुकानदार म्हणतो, सातही वेळा वेगवेगळे नोकर काउंटरवर होते, कोणाच्या लक्षात कसं येणार? आणि लक्षात आणून देणारी पट्टी तर नव्हतीच. पट्टी होती आणि ती यांनी मागणी करून काढायला लावली, एवढं सिद्ध झालं की बोलणंच खुंटलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून तडजोडीचा कागद आला. रक्कम ठीक होती. खाली अट होती की या प्रकरणाबद्दल आम्ही दोघांनी जन्मभर कुठे अवाक्षर काढायचं नाही. मी मोहनकडे बघितलं. रॅम्प करायचा आहे, बाथरूम मोठी करायची आहे, हे मनात होतं, कबूल करते. मोहनने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "माझे पाय गेले. जीभ तेवढी शाबूत आहे, तीपण हवीय त्यांना." त्याने कागदाचं उलटं पान वळवलं आणि त्यावर पेन्सिलीने सुडोकू मांडायला घेतलं. तिथेच तो विषय संपला.

आता माझं दुसरं खोटं. ऑक्टोबरमध्ये इलाने विचारलं होतं, "लतिका मावशी, डू यू नो एनीवन इन दॅट कंपनी?" मी म्हटलं, नाही. स्वतःच्या वकिलाला म्हटलं. एका क्षणात तोंडातून गेलं, जसं लहानपणी तू फोडलेल्या काचेबद्दल जायचं. चार महिने ते खोटं मी सांभाळते आहे आणि तू फोन उचलत नाहीस.

२४ फेब्रुवारीला माझी जबानी आहे. दुकानाचे वकील मला प्रश्न विचारणार, समोर एक बाई शब्दन् शब्द टाइप करणार, आणि सुरुवातीला मला शपथ घ्यायची आहे. इलाला एकदा फसवलं, ते तिला सांगून टाकीन. शपथ घेऊन फसवणार नाही.

म्हणून मागते. त्या तारखेच्या आत तू स्वतः इलाला फोन कर. नंबर मागच्या बाजूला आहे. स्वतःहून पुढे आलेला माणूस वेगळा आणि नाव निघालं म्हणून आलेला वेगळा. तू पहिला असावास एवढंच मला वाटतं.

ताई


नेपरव्हिल, २२ फेब्रुवारी २०२६

यतीन,

काल हिमानीचा फोन आला. तू केला नाहीस, तिने केला. मला आवडली तिची हिंमत, तिला सांग.

ती म्हणाली, "ताई, तुमची पत्रं तो गाडीत बसून वाचतो. गराजमध्ये, इंजिन बंद करून. मग अर्धा तास आत येत नाही." नंतर तिने तुमची बाजू मांडली. ग्रीन कार्डच्या रांगेत तेरा वर्षं झाली. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. तिची नोकरीही तुझ्याच कागदांवर लटकलेली. "आम्ही कोणाला मारलं नाही, ताई. आम्हीच का?" असं तिने विचारलं. मी तिला उलट बोलले नाही. तिचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "यतीनने एक विचारायला सांगितलंय. तो म्हणाला, ताईला विचार, मी तिला त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा ती काय म्हणाली."

म्हणजे तुला आठवतं. मी चार महिने देवाकडे मागत होते की तू विसरलेला असशील.

मलाही आठवतं, यतीन. सप्टेंबर २०२३. गणपती त्याच दिवशी बसले होते. मंडळाच्या आरतीला चाळीस माणसांचा प्रसाद माझ्याकडे होता आणि मी मोदकाची उकड मळत होते. फोन स्पीकरवर होता. तू म्हणालास, "ताई, ती पट्टी काढायला सांगतायत. दुकानदार तक्रार करतायत, विक्री अडते म्हणून. मला बरोबर वाटत नाहीये. मी मॅनेजरला काही बोलू का अजून?" माझे हात उकडीत होते. मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, "वेडा आहेस का? ग्रीन कार्ड येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सांगतील ते कर, मान खाली घाल आणि काढून टाक. तुझ्या एकट्याच्या पट्टीने जग थोडंच सुधारणार आहे?" आणि विचारलं, हिमानीचा खोकला बरा आहे का.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मोहनलाही नाही. काल सांगितलं. तो म्हणाला, "मी तिथे असतो तर मीही तेच म्हणालो असतो." मला तेवढ्याने बरं वाटलं नाही.

इथे आलेल्या प्रत्येकाला आपण हेच शिकवतो ना? विमानतळावर घ्यायला जातो, पहिल्या दिवशी डाळ-भात खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो, नाकासमोर चाल, कोणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस, कागद हातात येईपर्यंत अळीमिळी गुपचिळी. त्याला आपण शहाणपण म्हणतो. मी तुला ते शहाणपण दिलं आणि सहा महिन्यांनी ते फिरून माझ्या घरी आलं.

तेव्हा आता ऐक. ते शहाणपण मी परत घेते. मोठी बहीण म्हणून दिलं होतं, मोठी बहीण म्हणूनच मागे घेते. परवा जबानीत मला विचारलं तर पट्टीही सांगणार, तुझं नावही सांगणार आणि मी काय म्हणाले तेही सांगणार. तुला वाचवायचं म्हणून नाही आणि अडकवायचं म्हणूनही नाही. मला आता मान खाली घालून चालता येत नाही.

आणि तो कप मी फेकला नव्हता. वरच्या फळीवर मागे ठेवला होता.

ताई


नेपरव्हिल, २५ फेब्रुवारी २०२६

यतीन,

झालं.

काल सकाळी इलाच्या गाडीत बसल्याबसल्या तिला सगळं सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली. "मावशी, यू लाइड टू मी?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "ओके. आज खरं बोला. सगळं." तिचं मराठी मोडकं आहे, पण हे वाक्य तिने नीट म्हटलं.

दुकानाचा वकील गोड माणूस. मला पाणी दिलं, खुर्ची सरकवून दिली. मग गोडीतच म्हणाला, "यू आर अ फार्मसी टेक्निशियन, करेक्ट? नॉट अ सॉफ्टवेअर एक्स्पर्ट?" मी म्हटलं, करेक्ट. "मग त्या मशीनमध्ये असा इशारा होता असं तुम्ही कशावरून म्हणता?"

मी म्हटलं, "कारण तो माझ्या काउंटरवरून घेतला होता. माझ्या डायनिंग टेबलावर बनला. माझ्या भावाने बनवला." आणि पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला.

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. वकिलाने कोल्ह्याकडे बघितलं. त्याने तुझं नाव विचारलं, मी सांगितलं, स्पेलिंगसकट. मग त्याला वाटलं आता मला धरता येईल. त्याने विचारलं, भावाशी या विषयावर कधी बोलणं झालं होतं का? तेव्हा मी उकडीसकट सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्वतःच त्याला हा इशारा काढायचा सल्ला दिलात?" मी म्हटलं, "हो. माझी चूक मी शपथेवर सांगितली. आता तुमच्या अशिलाला त्याची विचारा."

घरी येऊन मी पाऊण तास रडले. मोहनने कुकर लावला. त्याला ओटा उंच पडतो, तरी लावला.

तू माझ्यावर चिडणार. चीड. फक्त गराजमध्ये बसून चिडू नकोस, थंडी आहे.

ताई


नेपरव्हिल, १९ एप्रिल २०२६

चि. यतीन,

आज पेन अडलं नाही. अनेक आशीर्वाद, सगळे थकलेले धरून.

तुला साक्षीला बोलावणारी इलाची नोटीस गेल्यावर तू कंपनीच्या वकिलांच्या मागे लपला असतास तर महिने गेले असते. तू लपला नाहीस. इला म्हणाली, तू स्वतः फोन केलास आणि पहिलं वाक्य म्हणालास, "आय शुड हॅव कॉल्ड इन जॅन्युअरी." हिमानीने सांगितलं की त्यानंतर अकराव्या दिवशी तुझं पद रद्द झालं, खर्चकपात म्हणून. इला त्याबद्दलही काय करता येईल ते बघते आहे. साठातले नऊ दिवस गेले. तळघरातली खोली आम्ही रिकामी केली आहे. शिकागोत नोकऱ्या आहेत, मोहनच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांना त्याने तुझा रेझ्युमे पाठवला, तुला न विचारता. माझ्या परवानगीने.

दुकानदाराने शपथपत्र बदललं आहे. 'अशी सोय नव्हती' होतं, ते आता 'आठवत नव्हतं' झालं आहे. त्याच्या दुकानातून पट्टी काढायची विनंती तीनदा गेली होती, तीनही वेळा त्याच्या नावाने. ते आता कागदावर आहे. खटला सप्टेंबरमध्ये उभा राहील. जिंकूच असं नाही. त्या आधी वरच्या कोर्टाने कायदाच उडवला तर सगळं पाण्यात जाईल, इलाने मला स्पष्ट सांगितलं आहे. तरी मी सही करून गप्प बसणार नाही, त्यांनी रक्कम दुप्पट केली तरी.

शुक्रवारी इलाने मला तुझी जुनी ईमेल दाखवली. तू मॅनेजरला लिहिलेली, १९ सप्टेंबर २०२३, सकाळी अकरा वीस. तू त्याबद्दल मला कधी सांगितलं नाहीस. त्या संध्याकाळी फोनवर 'काही बोलू का अजून' म्हणालास, तो 'अजून' मी ऐकलाच नव्हता. तुझं इंग्रजी मी इथे मराठीत उतरवते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचं आहे:

'ही पट्टी काढू नये असं मला वाटतं. माझी बहीण फार्मसीत काम करते. ती सर्दीच्या गोळ्यांचं तिसरं पाकीट देऊ शकत नाही. मग आपण तिसरं पिस्तूल का देतो?'

खाली दुसऱ्या दिवशीची नोंद आहे. सकाळी नऊ दहा. ग्राहकाची विनंती, पूर्ण केली, तिकीट बंद. मधली संध्याकाळ कुठल्याच कागदावर नव्हती. आता ती माझ्या जबानीत आहे.

तू म्हणालास आणि मग बंद केलंस, दोन्ही खरं आहे. मी तुला सोडणार नाही आणि स्वतःलाही नाही. पण यतीन, तू एकदा म्हणाला होतास. आपल्यात कोणीतरी एकदा म्हणालं होतं. ते वाचून मी इलाच्या ऑफिसात मोठ्याने हसले, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

सप्टेंबरमध्ये ती ईमेल कोर्टात वाचून दाखवतील. मोहन एका बाजूला असेल, दुसऱ्या बाजूची खुर्ची तुझी. 'माझी बहीण तिसरं पाकीट देऊ शकत नाही' हे वाक्य येईल तेव्हा मी मान खाली घालणार नाही, आणि तुलाही घालू देणार नाही.

सामान थोडंच आण. कप मात्र आणू नकोस, पुराव्यात एक आहे तेवढा पुरे.

तुझी ताई